काळ्या रानातला फुटबॉल

फुटबॉलचा विश्वचषक आणि मृगाची पेरणी यांची वेळ एकच. चार वर्षांतून एकदा असा जून येतो, की रेणापूरच्या चहाच्या हॉटेलात दोन चौकशा एकाच दमात होतात: पाऊस कुठवर आलाय, आणि आज मॅच कुणाची आहे. पहिलीवर वर्ष अवलंबून असतं, दुसरीवर फक्त रात्रीची झोप. लातूरहून अंबाजोगाईच्या वाटेवरचं हे तालुक्याचं गाव. रेणा नदी, रेणुकादेवीचं देऊळ, भोवती ऊस, सोयाबीन, तूर. फुटबॉलच्या नकाशावर त्याला जागा नाही आणि तशी ती कुणी मागितलेलीही नाही. तरी मॅराडोनाच्या हातापासून मेस्सीच्या खांद्यावर चढवलेल्या अरबी झग्यापर्यंत या खेळातली प्रत्येक भानगड इथं पारावर बसून चघळली गेली आहे. बघण्यात इथला शौकीन कधी मागं राहिला नाही. खेळण्याचं गणित मात्र वेगळं. गेल्या चाळीस वर्षांचा मागोवा घेतला तर ते बरंचसं जमिनीचं, पावसाचं आणि तालमीचं निघतं.

सुरुवात १९८६ पासून करायला हवी. मेक्सिकोतला तो विश्वचषक ३१ मे ते २९ जून चालला, म्हणजे रोहिणीत सुरू झाला आणि आर्द्रात संपला. त्याच्या दोनेक वर्षं आधी दूरदर्शननं देशभर लहान प्रक्षेपण केंद्रांचा धडाका लावला होता, त्यामुळं तालुक्या-तालुक्यातल्या मोजक्या घरांत टीव्ही पोचला होता. टीव्ही एकाचा, बघणारी सगळी गल्ली. मेक्सिकोत भर दुपारी बाराला सुरू होणारा सामना आपल्याकडं रात्री साडेअकराला लागायचा. पडद्यावर खेळाडूंपेक्षा मुंग्याच जास्त. मग एक जण माळवदावर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून आवाज जायचा, "आलं... आलं... थांब, गेलं!" ज्याच्या वाट्याला माळवद आलं त्यानं अर्धा विश्वचषक नुसता ऐकला.

२२ जूनच्या त्या इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात मॅराडोनानं चार मिनिटांत दोन गोल केले. पहिला हातानं. दुसरा आपल्याच अर्ध्यातून निघून, पाच इंग्रजांना आणि शेवटी गोलरक्षकाला चुकवून. आपल्याकडं तोवर बारा वाजून तारीख बदलली होती. कुस्तीचा निकाल लावण्यात ज्यांची हयात गेली अशा गावांमध्ये पहिल्या गोलाचा वाद सोपा नव्हता. पंचाला दिसलं नाही तर तो डाव की लबाडी, यावर दोन तट पडले आणि पुढच्या प्रत्येक विश्वचषकाला ते नव्यानं पडत गेले. दुसऱ्या गोलाबद्दल मात्र एकमत होतं. इंग्रजांना असं कुणीतरी लोळवलं, याचं समाधानही त्यात थोडं असावं.

तेव्हापासून या भागात अर्जेंटिनावाले जास्त. ब्राझीलवाले आले ते पुढं केबलच्या जमान्यात, रोनाल्डोचं बोट धरून. २००२ चा विश्वचषक जपान-कोरियात झाला आणि सामने आपल्याकडं भरदिवसा दिसले. ३० जूनचा अंतिम सामना तर दुपारी साडेचारला. झोपमोड न करता पाहिलेला तो एकमेव विश्वचषक, म्हणून अनेकांना तो नीट आठवत नाही, अशीही एक गंमत आहे.

खरं तर फुटबॉल मराठवाड्याच्या दाराशी याच्या कितीतरी आधी येऊन गेला होता. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता, आणि त्या काळी देशात ज्या संघाचा दरारा होता तो हैदराबाद सिटी पोलिसांचा. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं त्यांनी मुंबईत येऊन, मुंबईकरांच्या नाकावर टिच्चून रोव्हर्स चषक नेला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम मूळचे शिक्षक. भारतीय संघही त्यांच्याच हाती होता. १९५१ ला दिल्लीत आणि १९६२ ला जकार्तात आशियाई सुवर्णपदक मिळालं ते रहीमसाहेबांच्या तालमीतल्या पोरांनी. त्यानंतर आशियाई फुटबॉलचं सुवर्ण भारताला आजतागायत मिळालेलं नाही.

तारखा जुळवून पाहिल्या तर चुटपुट लागते. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबादपासून सुटून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. बरोबर एका महिन्यानं, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रहीमसाहेबांच्या संघानं ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. मूळच्या गोव्याच्या, मुंबईकर नेव्हिल डिसूझानं त्यात तीन गोल केले. संघात तुलसीदास बलरामसारखे हैदराबादचे खेळाडू होते. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियानं ४-१ असं थोपवलं आणि भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमधली आपली ती सर्वांत मोठी मजल. मराठवाड्यातली मुलं तोवर शिकायला हैदराबादला जात, उस्मानिया विद्यापीठात राहत, तिथली मैदानं बघत. राज्य बदललं, १९५८ ला औरंगाबादला विद्यापीठ झालं, आणि तोंड मुंबई-पुण्याकडं वळलं. मराठवाडा महाराष्ट्रात आला ते योग्यच झालं, त्याबद्दल दुमत नाही. पण हैदराबादच्या मैदानांवरून फुटबॉल लातूरकडं यायचा रस्ता तिथंच मोडला आणि मुंबईकडून आलं ते क्रिकेट. रहीमसाहेबांचं नाव इथल्या तरुणांना कळलं ते थेट २०२४ मध्ये, अजय देवगणच्या 'मैदान' सिनेमामुळं.

क्रिकेटवर फार शाई खर्चायचं कारण नाही, ती इतरत्र भरपूर खर्च होते. बाळ ज. पंडित यांचं रेडिओवरचं मराठी समालोचन, संदीप पाटील यांनी संपादित केलेला 'एकच षटकार', महाराष्ट्र टाइम्समध्ये वि. वि. करमरकरांनी उभं केलेलं खेळाचं पान, यांनी दोन पिढ्यांना खेळ वाचायला शिकवलं. करमरकरांचा एक विशेष म्हणजे त्यांनी कबड्डी-खोखोला क्रिकेटच्या पंगतीत बसवलं. मराठवाड्यातून जालन्याचा विजय झोल २०१४ ला १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार झाला. बीडच्या सचिन धसनं २०२४ च्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा काढल्या, तेही ४ बाद ३२ अशी दाणादाण उडालेली असताना. गावागावांत टेनिस बॉलचे सामने उदंड झाले. इतकं पुरे.

इथल्या मातीनं खरंखुरं पीक दिलं ते कुस्तीचं. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ ला महाराष्ट्र केसरी झाले. पुढच्याच वर्षी एडिनबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक आणलं. तेव्हा लातूर जिल्हा व्हायलाही बारा वर्षं अवकाश होता. पुढं पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली. २०११ मध्ये ते गेले. त्यांच्या हाताखाली तयार झालेला पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण जिंकला, तेव्हा ते पदक त्यानं वस्तादांच्याच नावे केलं. लातूरचेच काका पवार, ग्रीको-रोमनचे अर्जुन पुरस्कारविजेते मल्ल, पुण्यात कात्रजला तालीम चालवतात. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली ती त्यांच्याच दोन पठ्ठ्यांत: नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके. सदगीरनं ३-२ अशी बाजी मारली आणि लगेच शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. जिंकलेल्यानं हरलेल्याला मिरवल्याचं ते चित्र दुसऱ्या दिवशी लातूर जिल्ह्यात मोबाइल-मोबाइलवर फिरलं. हरल्याची हळहळ त्यानं अर्धी केली.

या सगळ्या नावांत एक धागा समान आहे. घडायला यांना घर सोडावं लागलं. मुलगा अंगानं थोराड निघाला, जत्रेच्या फडात नारळाच्या कुस्तीपासून वर सरकू लागला, की बापानं त्याला कोल्हापूर नाहीतर पुणे दाखवायचं, ही मराठवाड्याची जुनी रीत. खुराकाचा खर्च शेतावर. दूध, बदाम, तूप. साल वाईट गेलं की पहिला आटायचा तो खुराक.

आणि याच कोल्हापुरात फुटबॉलचं खरं इंगित आहे. महाराष्ट्रात मुंबईबाहेर फुटबॉल जर कुठं हाडीमांसी खिळला असेल तर तो तिथं, आणि तो वाढवला तालमींनी. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही नावं वाचून परक्याला वाटेल की हे कुस्तीचे आखाडे. पण शाहू स्टेडियमवर हेच संघ चेंडू घेऊन उतरतात आणि पेठाच्या पेठा त्यांच्यामागं लोटतात. विश्वचषकात तिथं मेस्सी, नेमार, रोनाल्डो यांचे फलक चौकाचौकांत लागतात ते उगीच नाही. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तिकडं तालमीनं फुटबॉल पोटाशी घेतला. मराठवाड्यातली तालीम मात्र मातीतच राहिली, किंवा तिचं सभागृह झालं.

दोष तालमीचाच, असंही म्हणून चालणार नाही. हिशोब गुंठ्यांत मांडला तर उलगडा होतो. पूर्ण मापाचं फुटबॉलचं मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, म्हणजे सुमारे ७० गुंठे. पावणेदोन एकर. खोखोला २७ बाय १६ मीटर पुरतात, म्हणजे सव्वाचार गुंठे. पुरुषांच्या कबड्डीला १३ बाय १० मीटर, सव्वा गुंठा. आखाडा तर देवळामागच्या बखळीतही बसतो. ज्या गावात शाळेच्या वाट्याला एखादा एकर आला, तिथं काय रुजणार हे मोजपट्टीनंच ठरवून टाकलं.

म्हणून धाराशिवची सारिका काळे खोखोत भारताची कर्णधार झाली, २०२० ला अर्जुन पुरस्कार घेऊन आली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खोखोचा पहिला विश्वचषक झाला आणि महिलांच्या अंतिम सामन्यात भारतानं नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली. मुलींना मोठं मैदान, बूट, लांबचा प्रवास यांपैकी काहीच मिळणार नसेल, तर सव्वाचार गुंठ्यांत जे होईल ते त्या करून दाखवतात, आणि ते विश्वविजेतेपद असतं! नांदेडनं हॉकी धरून ठेवली ती वेगळ्या कारणानं. गुरु गोविंदसिंघजींच्या नावानं तिथं अखिल भारतीय सुवर्ण-रौप्य चषक स्पर्धा भरते आणि देशभरचे संघ येतात. श्रद्धेनं मैदान राखलं जातं, याचं हे मराठवाड्यातलं बहुधा सर्वांत चांगलं उदाहरण.

मैदान मिळालं तरी माती उरतेच. रेणापूर-लातूरची जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस झाला की ती बुटाला किलोकिलोनं चिकटते आणि चेंडू पडतो तिथंच रुततो. आता शालेय फुटबॉलचं वेळापत्रक पाहावं. सुब्रतो मुखर्जी चषक ही १९६० पासून चालणारी शाळांची राष्ट्रीय स्पर्धा. तिच्या जिल्हा आणि विभागाच्या फेऱ्या पार पडतात त्या शाळा नुकत्या सुरू झालेल्या असताना, भर पावसाळ्यात. वाळूत किंवा मुरमात खेळणाऱ्यांना तो हंगाम सोयीचा असेल. काळ्या रानातल्या पोराला सरावाला जमीनच नसते.

आणि मग पाऊसच आला नाही, असंही होतं. २०१४ चा जून मराठवाड्यात जवळजवळ कोरडा गेला. ब्राझीलमधले बहुतेक सामने मध्यरात्रीनंतर. ज्या रात्री जर्मनीनं ब्राझीलचा ७-१ असा फडशा पाडला, तेव्हा पालख्या पंढरपूरला टेकल्या होत्या आणि इकडं बियाणं घरात पडून होतं. त्या विश्वचषकाला जागणाऱ्यांना जागायला आणखीही कारण होतं.

२०१६ साली तर खेळ आणि पाणी न्यायालयातच समोरासमोर आले. मांजरा धरण आटलेलं, लातुरात पाणवठ्यांवर जमावबंदी. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, दहा वाघिण्यांत पाच लाख लिटर पाणी घेऊन. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितलं. अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळुरूला गेला. पुण्या-मुंबईच्या मैदानांवरचं पाणी वाचलं म्हणून लातूरच्या घागरी भरणार नव्हत्या, हे लातूरकरांनाही कळत होतं. तरी सामने हलले याचं वाईट वाटलेला शौकीन त्या उन्हाळ्यात लातूर जिल्ह्यात शोधून सापडला नसता. टँकरच्या रांगेत उभं राहून स्कोअर विचारणारे मात्र होते. माणूस असाच असतो.

सरकारला फुटबॉल आठवला तो त्याच्या पुढच्या वर्षी. ऑक्टोबर २०१७ च्या त्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने नवी मुंबईतही होणार होते. त्याचं निमित्त साधून १५ सप्टेंबरला राज्यभर एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा घाट घातला गेला. शाळांना चेंडू वाटले. मुक्तिसंग्राम दिनाच्या दोन दिवस आधी मराठवाड्याच्या शाळांतही शिट्ट्या वाजल्या, फोटो निघाले. कल्पना वाईट नव्हती. ज्या पोरांनी हा चेंडू हातात कधी धरला नव्हता त्यांनी तो पायानं मारला, हे थोडं नाही. पण चेंडू ही यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट. हवा भरायचा पंप, शिकवणारा माणूस, खेळायला जागा आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा सामना, यांची तजवीज नसेल तर एका दिवसाचा उत्सव होतो आणि चेंडू कपाटात जातो.

याच्या उलट, नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतली मुलं पावसात मोडकी बादली लाथाडताना पाहिली आणि तिथून झोपडपट्टी फुटबॉल उभा केला. नागराज मंजुळेंचा 'झुंड' हा सिनेमा त्यावरच बेतलेला. तिथं चेंडूच्या आधी माणूस होता, आणि तो वर्षानुवर्षं टिकला.

'झुंड' मार्च २०२२ मध्ये आला आणि त्याच वर्षी विश्वचषक पहिल्यांदाच थंडीत झाला. कतारच्या उन्हामुळं तो नोव्हेंबर-डिसेंबरला ढकलला गेला, आणि मराठवाड्याच्या दृष्टीनं प्रथमच बरोबर वेळेला पडला. खरीप घरात, हरभरा पेरून झालेला, उसाची तोड सुरू, हवा कोरडी. सामने जिओ सिनेमावर फुकट. ज्या गल्लीत १९८६ ला एका टीव्हीपुढं शंभर माणसं बसली, तिथं आता जितकी माणसं तितके पडदे. १८ डिसेंबरला रात्री साडेआठला अंतिम सामना लागला. एम्बापेचे तीन गोल, ३-३ अशी बरोबरी, मग पेनल्टीवर ४-२, आणि अर्जेंटिना. छत्तीस वर्षं वाट बघितलेले जुने अर्जेंटिनावाले आता नातवंडांच्या मोबाइलवर सामना बघत होते. पाचच दिवसांनी, २३ डिसेंबरला, येळवस होती. लातूर-धाराशिवकडं या अमावास्येला गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याच्या कोपीपुढं भज्जी, उंडे आणि आंबील. जेवणं झाली की मोकळ्या वावरात पोरांचा खेळ. त्या वर्षी विटी-दांडू आणि टेनिस बॉलच्या बरोबरीनं कुठं कुठं निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, पाठीवर दहा आकडा असलेला शर्टही दिसला.

उत्साह आहे, हे त्यावरून दिसतंच. मग व्यवस्थेनं निदान पंचांग तरी बघावं. जिल्हा क्रीडा कार्यालयं, शाळा आणि साखर कारखाने यांनी मनावर घेतलं तर रेणापुरासारख्या तालुक्यात सोयाबीनची रास झाल्यापासून वार्षिक परीक्षेपर्यंतच्या चार महिन्यांत शाळाशाळांची फुटबॉल साखळी खेळवता येईल. ७० गुंठे नसतील तर वीस गुंठ्यांत पाच-पाच जणांचे सामने घ्यावेत, वर मुरूम टाकून रोलर फिरवावा. मुलींचे सामने त्याच दिवशी, त्याच मैदानावर ठेवावेत. आणि पहिला चेंडू फुटला तर दुसरा कोण देणार, हे आधी ठरवून मगच उद्‌घाटनाचा नारळ फोडावा.